किइचिरो टोयोदा : देशी गाडी की विदेशी गाडी?



स्वदेशीचे महत्त्व हा निबंध आपण वर्गात दरवर्षी लिहून घेतो. मुलंही ठरावीक वाक्यं लिहून मोकळी होतात. पण घरात नवीन गाडी घ्यायची ठरली की खरा पेपर सुरू होतो. बाबा टेस्ट ड्राइव्हला गेल्यावर गिअर आणि ब्रेक बघतात, आई मागच्या सीटवर बसून पाय पसरायला जागा किती ते बघते, आजोबा विचारतात की कंपनी आपली आहे का बाहेरची. शेवटी जो तो आपापलं मत सांगतो आणि निबंधातलं उत्तर तिथे कोणाच्याच कामी येत नाही.

हाच प्रश्न साधारण नव्वद वर्षांपूर्वी जपानमधल्या एका माणसाला पडला होता. त्यांनी तो निबंध लिहून सोडवला नाही. त्यांनी परदेशी गाडी विकत घेतली, ती स्क्रूपर्यंत सुटी केली, मग स्वतःची गाडी बनवून दोन्हींची तुलना केली. त्यांचं नाव किइचिरो टोयोदा. आज जगभर धावणाऱ्या टोयोटा गाड्यांचे ते संस्थापक. त्यांचं चरित्र मुलांना सांगण्यासारखं आहे, कारण त्यात यश उशिरा येतं आणि आधी बरंच काही मोडतं.

मागाच्या आवाजात गेलेलं बालपण

किइचिरो यांचा जन्म 11 जून 1894 रोजी झाला. गाव यामागुची, आजच्या शिझुओका प्रांतातलं. वडील साकिची टोयोदा हे सुताराचे चिरंजीव. गावातल्या बायका दिवसभर हातमागावर राबतात हे बघून त्यांनी मागात सुधारणा करायचा ध्यास घेतला आणि 1891 मध्ये लाकडी हातमागाचं पहिलं पेटंट मिळवलं. शोध लावणाऱ्या माणसाच्या घरात पैसा टिकत नाही, तसंच त्या घरात झालं. आई तामी लहानग्या किइचिरोला सोडून माहेरी निघून गेली. सुरुवातीची वर्षं ते आजी-आजोबांकडे वाढले.

इचलकरंजी, मालेगाव, सोलापूर इथल्या शिक्षकांना माग म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. चालू मागावर धागा तुटला आणि कोणाचं लक्ष नसलं की पुढचं सगळं कापड खराब होतं. साकिचींनी धागा तुटताच आपोआप थांबणारा माग बनवला. चूक झाली की काम तिथेच थांबवायचं, खराब माल पुढे जाऊ द्यायचा नाही, ही गोष्ट मुलाने घरातच पाहिली. पुढे गाड्यांच्या कारखान्यात तिचा उपयोग झाला, तो कसा हे पुढे येईलच.

किइचिरो टोकियोच्या शाही विद्यापीठात यांत्रिकी अभियांत्रिकी शिकले आणि 1920 मध्ये पदवीधर झाले. त्यानंतर ते अमेरिकेला आणि इंग्लंडला गेले. इंग्लंडमधल्या ओल्डहॅम गावी प्लॅट ब्रदर्स ही मागांची तेव्हाची नावाजलेली कंपनी होती. तिथे त्यांनी काम जवळून पाहिलं. परत आल्यावर बापलेकांनी मिळून 1924 मध्ये जी प्रकारचा स्वयंचलित माग पूर्ण केला. या मागात धोटा बदलण्यासाठी माग थांबवावा लागत नसे, त्यामुळे एक कामगार एका वेळी अनेक माग सांभाळू शकत होता. 1926 मध्ये त्यासाठी कारिया गावी टोयोदा स्वयंचलित माग कारखाना निघाला.

आता गंमत बघा. ज्या प्लॅट ब्रदर्सकडे किइचिरो शिकायला गेले होते, त्याच कंपनीने 1929 मध्ये या मागाचे हक्क एक लाख पौंडांना घेण्याचा करार केला. शिष्याकडून गुरूने विद्या विकत घ्यावी तसं झालं. आपला माल परदेशी मालाच्या तोडीचा होऊ शकतो, हा विश्वास किइचिरोंना घोषणेतून आलेला नव्हता, या करारातून आला होता. पुढच्याच वर्षी, 1930 मध्ये, साकिची वारले.

रस्त्यावर सगळीकडे परदेशी गाड्या

तेव्हा जपानच्या रस्त्यांवर काय चित्र होतं? 1 सप्टेंबर 1923 रोजी टोकियो परिसरात महाभयंकर भूकंप झाला. ट्राम आणि रेल्वे बंद पडल्या. शहराने बस म्हणून चालवायला फोर्डच्या शेकडो चॅसिस मागवल्या. लोकांना मोटारीचं महत्त्व तेव्हा कळलं, आणि अमेरिकन कंपन्यांना जपानची बाजारपेठ कळली. 1925 मध्ये फोर्डने योकोहामाला आणि 1927 मध्ये जनरल मोटर्सने ओसाकाला सुटे भाग आणून गाड्या जोडण्याचे कारखाने सुरू केले. जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या बहुतेक गाड्या या दोघांच्याच होत्या. त्या टिकाऊ होत्या, स्वस्त होत्या आणि त्यांचे सुटे भाग सहज मिळत.

मग स्वतःची गाडी बनवायची गरजच काय, असं कोणीही विचारेल. घरातही असा विचार करणारे होते. कारखान्याचे प्रमुख म्हणजे किइचिरोंचे मेहुणे रिसाबुरो. मागाच्या चालत्या धंद्यातला पैसा मोटारीसारख्या अंधाऱ्या विहिरीत ओतायला ते कचरत होते. त्यांची काळजी खोटी नव्हती. मोटारीला लागणारं पोलाद, वायरिंग, काच, रबर यांपैकी बऱ्याच गोष्टी त्या दर्जाच्या जपानमध्ये तयारच होत नव्हत्या. तरीही 1933 मध्ये माग कारखान्यात मोटार विभाग सुरू झाला.

आधी परदेशी गाडी उघडून बघितली

किइचिरोंनी पहिलं काम काय केलं असेल? एक नवी शेवरोले गाडी विकत घेतली आणि ती पूर्ण सुटी केली. प्रत्येक भाग मोजला, त्याचं चित्र काढलं, तो कोणत्या धातूचा आहे हे तपासलं. देशी गाडी बनवायला निघालेल्या माणसाने परदेशी गाडीला नावं ठेवली नाहीत. ती इतकी चांगली का चालते, हे समजून घ्यायला आपले हात काळे केले.

त्यानंतर त्यांनी निवड केली. इंजिनासाठी शेवरोले समोर ठेवली. ट्रकचा सांगाडा आणि आस यांसाठी फोर्ड समोर ठेवली. मोटारीच्या बाह्य आकारासाठी 1934 सालची डिसोटो एअरफ्लो ही वाऱ्याला कापत जाणाऱ्या घाटाची गाडी निवडली. फोर्ड आणि शेवरोलेचे भाग बाजारात मिळत असल्यामुळे गाडी मोडली तर गिऱ्हाईक अडून राहणार नाही, हाही हिशेब त्यात होता.

पण बघून काढलेलं चित्र आणि हाताने बनवलेली वस्तू यांत फार अंतर असतं. सिलिंडर ब्लॉक ओतायला घेतला तेव्हा ते कळलं. मागाचे लोखंडी भाग ओतण्यात कारखाना तरबेज होता. इंजिनाचा ब्लॉक मात्र आतून पोकळ असतो, थंड करणारं पाणी खेळायला त्यात वाटा असतात. त्यासाठी साच्यात वाळूचा गाभा ठेवावा लागतो. कोल्हापूरचे फाउंड्रीवाले त्याला कोअर म्हणतात. हा गाभा जरा हलला किंवा फुटला की ब्लॉक वाया. असे शेकडो ब्लॉक भंगारात गेले. हवं तसं पोलाद मिळेना म्हणून कारखान्याने 1934 मध्ये स्वतःची छोटी पोलादभट्टीही उभारली.

सप्टेंबर 1934 मध्ये पहिलं इंजिन तयार झालं. सहा सिलिंडरचं, 3,389 सीसीचं. त्याची परीक्षा कशी घेतली? ते शेवरोलेच्याच गाडीत बसवून चालवलं. म्हणजे गाडी तीच, फक्त इंजिन आपलं. विज्ञानाच्या तासाला आपण सांगतो ना, की प्रयोगात एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं तसंच ठेवायचं, अगदी तेच हे. निकाल नाराज करणारा होता. देशी इंजिनाची ताकद शेवरोलेच्या इंजिनापेक्षा कमी भरली. ते झाकून ठेवलं नाही. सिलिंडर हेडचा आकार बदलून बदलून ताकद वाढवत नेली आणि मगच पुढचं पाऊल टाकलं.

मे 1935 मध्ये ए-1 ही पहिली नमुना मोटार तयार झाली. अशा तीनच गाड्या बनवल्या होत्या. किइचिरो ती गाडी घेऊन वडिलांच्या समाधीपाशी गेले, असं सांगतात.

मोडणारे ट्रक आणि धावून जाणारे मालक

किइचिरोंच्या मनात सामान्य माणसाला परवडेल अशी मोटार होती. सरकारला आणि लष्कराला मात्र ट्रक हवे होते. त्यामुळे ऑगस्ट 1935 मध्ये जी-1 ट्रकचा नमुना घाईने पूर्ण करण्यात आला. नोव्हेंबरमध्ये टोकियोत त्याचं मोठं प्रदर्शन ठरलं. कारखान्यातून टोकियोला निघालेल्या ट्रकचं स्टिअरिंग वाटेतच मोडलं. रस्त्यात दुरुस्ती करून कसाबसा तो वेळेवर पोचवला आणि पाहुण्यांसमोर उभा केला.

विकलेले ट्रकही मोडू लागले. मागच्या आसाची पेटी तुटायची, मालाने भरलेला ट्रक भर रस्त्यात बसायचा. विचार करा, ज्याने फोर्ड सोडून देशाचा माल म्हणून हा ट्रक घेतला, त्याचं नुकसान कोणी भरून द्यायचं? स्वदेशीच्या निबंधात हा प्रश्न कधी येत नाही. किइचिरोंपुढे तो रोज येत होता.

त्यावर त्यांनी आणि शोतारो कामिया यांनी मार्ग काढला. कामिया हे जनरल मोटर्सच्या जपानी कंपनीत विक्रीचं काम बघत होते. तिथली चांगली नोकरी सोडून ते 1935 मध्ये टोयोदाकडे आले. ट्रक सुरुवातीला लांब विकायचे नाहीत, जवळपासच विकायचे, म्हणजे मोडल्यावर मेकॅनिक लगेच पोचेल, असं ठरलं. दुरुस्ती कंपनीच्या खर्चाने होई. किइचिरो स्वतः बंद पडलेल्या ट्रकपाशी जात, खाली वाकून काय तुटलं ते बघत आणि कारखान्यात येऊन तो भाग बदलायला लावत. जी-1 चे चारशेपेक्षा कमी ट्रक बनले, पण पुढच्या गाड्यांना लागणारी शिकवण त्या ट्रकनीच दिली.

आपल्याकडेही मुलं वहीत चुकतात. चुकीच्या उत्तरावर नुसती लाल फुली मारणं वेगळं आणि गणित नेमकं कोणत्या पायरीवर मोडलं हे मुलाशेजारी बसून बघणं वेगळं. शिक्षकांना यापेक्षा जास्त सांगायची गरज नाही.

स्पर्धाच उरली नाही तेव्हा

1936 मध्ये जपान सरकारने मोटार उद्योगाचा कायदा केला. देशी कंपन्यांना परवाने आणि सवलती मिळाल्या, फोर्ड आणि जनरल मोटर्सच्या उत्पादनावर मर्यादा आल्या. 1939 पर्यंत त्यांचं जपानमधलं काम थांबलं. त्याच सुमारास टोयोदाची एए ही मोटार बाजारात आली. नाव ठरवायला स्पर्धा ठेवली, सुमारे 27 हजार सूचना आल्या आणि टोयोदाचं टोयोटा झालं. जपानी लिपीत ते आठ रेघांत लिहिता येतं आणि आठ हा आकडा तिथे शुभ मानतात. 28 ऑगस्ट 1937 रोजी टोयोटा मोटर कंपनी वेगळी झाली. 1938 मध्ये कोरोमो गावी मोठा कारखाना सुरू झाला. पुढे 1959 मध्ये त्या गावाचंच नाव टोयोटा ठेवण्यात आलं.

कोरोमोच्या कारखान्यात किइचिरोंनी एक नियम घालून दिला. जो भाग जेव्हा लागेल तेव्हाच आणि तेवढाच यावा, साठे करून ठेवू नयेत. वडिलांची चूक होताच थांबण्याची सवय आणि मुलाची वेळेवर नेमकं देण्याची पद्धत या दोन्हींवर पुढे टोयोटाची उत्पादनपद्धती उभी राहिली. आज ती व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात शिकवतात.

पण इथे गोष्ट गोड करून सांगू नये. परदेशी गाड्या कायद्याने बाजूला झाल्या, तुलना संपली आणि देश युद्धाकडे गेला. कारखान्यातून बाहेर पडणारे ट्रक लष्कराकडे जात. युद्धात पोलाद मिळेना तेव्हा ट्रकमधले भाग कमी करत नेले. एए मोटारी 1943 पर्यंत सगळ्या मिळून सुमारे 1,400 बनल्या. सामान्य माणसाची मोटार हे स्वप्न बाजूलाच राहिलं. देशी मालाला संरक्षण मिळालं, पण तो कोणासाठी बनवायचा हे ठरवणं मालकाच्या हातात राहिलं नाही. मोठ्या मुलांशी यावर जरूर बोला.

शब्द मोडला आणि खुर्ची सोडली

1945 मध्ये जपान हरला. कारखान्यावर बॉम्ब पडले होते. अशा वेळी किइचिरोंनी तीन वर्षांत अमेरिकेच्या मोटार उद्योगाला गाठायचं लक्ष्य आपल्या लोकांपुढे ठेवलं. कागदावर ते अशक्य होतं. आपण किती मागे आहोत हे शेवरोले उघडून बघितलेल्या माणसाला इतर कोणापेक्षा जास्त ठाऊक होतं, तरीही.

1949 मध्ये महागाई रोखण्यासाठी सरकारने हात आखडता घेतला. गिऱ्हाइकांकडे पैसे थकले, कंपनी बुडायला आली. कामगारांना काढणार नाही, असा शब्द किइचिरोंनी दिला होता. बँकांनी मदत दिली ती अटींवर. एप्रिल 1950 मध्ये सुमारे 1,600 लोकांना कमी करण्याची योजना पुढे आली आणि संप पेटला. शेवटी लोक कमी झालेच. आपला शब्द आपण पाळू शकलो नाही, म्हणून किइचिरोंनी जून 1950 मध्ये अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. त्याच महिन्याच्या अखेरीस कोरियाचं युद्ध सुरू झालं आणि अमेरिकन सैन्याने ट्रकच्या मोठ्या ऑर्डरी दिल्या. कंपनी वाचली. पण ती दुसऱ्या युद्धामुळे वाचली, आणि संस्थापक तेव्हा घरी होते.

याच काळात जपानमध्ये देशी-विदेशीचा वाद पुन्हा तापला. बँक ऑफ जपानचे गव्हर्नर हिसातो इचिमादा यांचं मत होतं की अमेरिकेत स्वस्त आणि उत्तम गाड्या मिळत असताना जपानने गाड्या बनवण्यात पैसा घालू नये. टॅक्सीवाल्यांनाही परदेशी गाड्याच हव्या होत्या. निस्सानने ब्रिटिश ऑस्टिनशी, हिनोने फ्रेंच रेनोशी करार करून त्यांच्या गाड्या जपानमध्ये बनवायला घेतल्या. टोयोटाने पूर्ण गाडी स्वतःच आखायची ठरवली. किइचिरोंना पुन्हा अध्यक्ष करायचंही ठरलं होतं. पण 27 मार्च 1952 रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. वय अवघं 57. टोयोटाची क्राउन ही मोटार 1955 मध्ये बाजारात आली. ती त्यांनी पाहिली नाही.

आणि तीच क्राउन 1957 मध्ये अमेरिकेला पाठवली तेव्हा काय झालं माहीत आहे? तिथल्या लांब, भरधाव रस्त्यांवर ती दमली. काही वर्षांतच तिची तिकडची विक्री थांबवावी लागली. जी-1 ट्रकच्या वेळी जे केलं तेच कंपनीने पुन्हा केलं. काय मोडलं ते बघितलं आणि नवी गाडी बनवून परत गेली.

आपल्याकडचं चित्र

किइचिरोंच्याच काळात आपल्या सोलापूरचे वालचंद हिराचंद भारतात मोटारी बनवण्यासाठी झटत होते. त्यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभारला. त्यातूनच पुढे फियाट आणि मग पद्मिनी आली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत बसलेल्या कोणालाही ती आठवेल. मात्र आयात जवळपास बंद, परवाने मोजके, अशा बाजारात पद्मिनी आणि अँबॅसिडर या गाड्या फारशा न बदलता कित्येक वर्षं विकल्या गेल्या. गिऱ्हाईक गाडीची परीक्षा घेत नव्हतं, नंबर लावून वाट बघत होतं.

आज प्रश्न आणखी गुंतागुंतीचा झाला आहे. टोयोटाची इनोव्हा बंगळूरजवळच्या बिडदीत, किर्लोस्करांबरोबरच्या भागीदारीतून बनते. इंग्रजांची म्हणून ओळखली जाणारी जग्वार 2008 पासून टाटांच्या मालकीची आहे. मग देशी कोणती आणि विदेशी कोणती? नुसता बिल्ला बघून उत्तर मिळणार नाही. गाडी कुठे बनते, आराखडा कोण करतं, मोडल्यावर आपल्या तालुक्यात कोण दुरुस्त करतं, असे चार प्रश्न विचारावे लागतील. आपल्या देशाची गाडी घ्यावी असं वाटणं चांगलंच आहे. त्या वाटण्याला पात्र ठरण्याची जबाबदारी बनवणाऱ्यावर असते, आणि किइचिरोंनी ती रस्त्यावर बंद पडलेल्या ट्रकखाली वाकून निभावली.

वर्गात आणि घरी करून बघण्यासाठी

1. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची बॉलपेनं मुलांना सुटी करायला द्या. भागांची चित्रं काढून घ्या. कोणतं चांगलं आणि कशावरून, हे तीन वाक्यांत लिहायला सांगा.

2. किइचिरोंनी आपलं इंजिन शेवरोलेच्या गाडीत बसवूनच का तपासलं असेल, यावर चर्चा घ्या.

3. आठवी ते दहावीसाठी : परदेशी माल कायद्याने बंद केला तर देशी कारखानदाराचा फायदा कोणता आणि गिऱ्हाइकाचा तोटा कोणता? दोन गट करून वाद घालू द्या.

4. पालकांसाठी : गाडीच्या टेस्ट ड्राइव्हला मुलांना बरोबर न्या. जाण्याआधी त्यांच्याकडून दहा मुद्द्यांची यादी करून घ्या. चढ, खड्डा, ब्रेक, मागची जागा, आवाज असं काहीही चालेल. दोन गाड्या एकाच रस्त्यावर चालवून बघा आणि गुण मुलांनाच देऊ द्या. कंपनीचं नाव यादीत सर्वांत शेवटी लिहायला सांगा.